साच्यातले चार कालवे

हॅलो? हॅलो… कोण, हरिश्चंद्र? अरे मी आप्पाकाका, रत्नागिरीहून, फण्यांच्या कारखान्यातून… बरा कसला! घाम फुटलाय रे मला. तू धाडलेला तो साचा शिट्टी घालतोय!

शिट्टी, शिट्टी! हे घे, ऐक… नाही रे, बोट कसली, बोट सकाळीच गेली.

तापलाय म्हणजे किती? वर घावन टाकलं तर उलटायच्या आत कोळसा होईल. आतलं प्लॅस्टिक थिजत नाही, साचा उघडत नाही… हो, हो, पाणी चालू आहे. केरू पंप मारतोय ना. मार रे केरू, जोरात!… काय? थांबवू? केरू, थांब! थांब म्हटलं ना मेल्या!

लांब कसा होऊ? फोन भिंतीला ठोकलाय, साच्याच्या अगदी समोर. आणि सदूला टाकून जाऊ?… अरे, त्याच्या धोतराचा सोगा साच्यात चिमटलाय!

तेच सांगतोय त्याला, धोतर सोड नि पळ! सोडत नाही. सोनूबाई उभी आहे ना… सासू रे त्याची! फण्या घासायला येते… तोंड फिरवते कसली, जावयाचा दंड धरून ओढतेय, आणि वर त्यालाच शिव्या!

पाणी बाहेर पडतंय का? थेंब नाही… बघायचं काय त्यात, ती चार भोकं मीच बुजवली… अरे, तूच नाही का परवा सांगितलंस, ह्याच फोनवर? मी म्हटलं, फण्या वाकड्या निघतात, फणी डोक्याला लावली की केस सोडून कान विंचरते. तू म्हणालास, “काका, साच्याला चार कालवे लागतात.” मग? दिली की चार! खाडीतल्या खडकावरची, शिंपल्यासकट, चांगली टपोरी. एकेका भोकात एकेक, ठोकून बसवलं.

हॅलो? हरी?… रडतोस की हसतोस?

पाण्याचे? पाण्याचे कालवे? मग पाट म्हण की मेल्या! पोफळीत खेळवतो तसे पाट! खाडीकाठच्या माणसाला कालवे म्हटल्यावर शिंपल्यातली कालवं सोडून दुसरं काय सुचणार? मला वाटलं, नवं यंत्र, परकी जागा, राखणेचा नैवेद्य मागत असेल. गाऱ्हाणंसुद्धा घातलं रे मी!

काय म्हणतोस… वाफ? आत कोंडलीय?… फुटेल?

अरे देवा! केरू, साच्याखालची शेगडी ओढ! सदू, लाज सोड, जीव—

आई गं!… हो, हो, आहे मी. एक कालव उडालं! कौल घेऊन गेलं… दुसरं! खिडकीतून थेट खाडीपलीकडे, तिकडचे बगळे उठले… अगं बाई, वाक!… तिसरं सोनूबाईच्या अंबाड्यातून आरपार. नाही, नाही, धड आहे. शिव्या चालू आहेत.

सदू? सुटला! धोतर फाटलं, पोतं गुंडाळून बसलाय. साचाही उघडला… फणी? निघाली ना. सरळ, बाणासारखी! तेवढा धोतराचा काठ आलाय तिला.

चौथं? थांब, बघतो… आहे, आहे जागेवर. शिट्टी त्याचीच… तोंड कुठे म्हणजे?

हरी… बाळा… फोनकडे रे.

पळ काय पळ! तुला फोनवर टाकून?… खाली बसू? बसतो. बसतो, पण ऐक, तू आधी कान बाजूला घे! कान घे रे हरी, ते तिकडेच येत—