अठराशे सीसीचे सर्जेराव

थांबवा, तबला थांबवा जरा! पेटीवाले, तुम्हीपण. आता गोष्ट आहे, आणि गोष्टीला साथ हवी ती फक्त कानांची.

मंडळी, आज विश्वकर्म्याचा दिवस. समोर कोण बसलंय? लेथवाले, ग्राइंडिंगवाले, फौंड्रीवाले. हात धुऊन आलात खरे, पण नखांतलं ऑइल काही गेलेलं नाही! असू द्या. देवाला चालतं. घरी चालत नाही, एवढंच. तर तुम्हाला तुमच्याच भाषेत विचारतो — गाडी मागं पडते म्हणून इंजिन मोठं करावं का? होय की नाही? बोला!

कुणी बोलत नाही. शहाणे आहात. ‘मोठ्या मनाचा माणूस’ म्हटलं की आपण हार घालतो. आणि डॉक्टर म्हणाला, ‘तुमचं हृदय मोठं झालंय’ — मग? पेढे वाटता? लगेच ॲम्ब्युलन्स! म्हणजे मोठं होण्यातसुद्धा भानगड आहे. काय भानगड आहे, ते ऐका.

इथून पंधरा-वीस मैलांवर एका गावात सर्जेराव चौगले नावाचे गृहस्थ. त्यांचं मंगल कार्यालय. आणि स्वभाव असा, की जे असेल ते मोठं पाहिजे! कमान मोठी, स्टेज मोठं. एकदा तर स्टेज इतकं मोठं बांधलं, की अक्षता नवरा-नवरीपर्यंत पोचेनात! भटजींच्याच डोक्यावर पडायच्या. भटजी दोनदा लग्न झाल्यासारखे घरी गेले!

या सर्जेरावांना नाद एकच — गाडी पळवायचा. जुनी सोळाशे सीसीची गाडी, लाल रंगाची, पोटच्या पोरासारखी जपलेली. दरवर्षी वाघजाईच्या घाटात शर्यत असते. थोड्या थोड्या वेळानं एकेक गाडी सुटायची. चार किलोमीटर, बारा वळणं, जो कमी वेळात चढेल तो पहिला. आणि तीन वर्षं सर्जेराव दुसरे! पहिला कोण? त्यांचे साडू!

आलं ना ध्यानात? दुसरं कुणी जिंकलं असतं तर माणूस हार घालून घरी गेला असता. पण साडू? साडू म्हणजे देवानं तुलनेसाठीच जन्माला घातलेला प्राणी! उत्तम नाईक त्यांचं नाव. पंचायत समितीत कारकून. अंगानं काटकुळे, बोलणं हळू, गाडी तेराशे सीसीची. सासुरवाडीला दोघं जेवायला बसले, की सासूबाई म्हणायच्या, ‘उत्तमरावांना वाढा गं आधी, घाटातनं पहिलं आल्यात.’ आणि मटणातला नळीचा तुकडा गेला तिकडं! सर्जेरावांच्या वाटीत काय? नुसता तांबडा रस्सा. तोही चेहऱ्याच्या रंगाचा!

चौथ्या वर्षी सर्जेराव उठले आणि थेट बाबालाल मिस्त्रींच्या दारात. बाबालाल मुल्लाणी — चाळीस वर्षं क्रँक घासलेला माणूस. इंजिनाला हात न लावता, नुसता आवाज ऐकून सांगायचे, ‘तिसरा सिलिंडर रुसलाय.’

‘मिस्त्री, इंजिन वाढवा. स्ट्रोकर करा!’

आता ज्या माउल्यांना स्ट्रोकर म्हणजे काय ठाऊक नाही, त्यांच्यासाठी. हापसा मारलाय ना? दांडा अर्धाच मारला तर पाणी किती? चुळकाभर. पुरा वरून खाली मारला तर? भसाभसा! इंजिनात पिस्टन असाच वर-खाली होतो. क्रँक, म्हणजे पिस्टनला वर-खाली करणारा वाकडा दांडा, तो बदलायचा, पिस्टनची ये-जा लांबवायची, दर फेरीला पेट्रोल-हवा जास्त, जोर जास्त. सोळाशेचं अठराशे. झालं स्ट्रोकर! पण लांब दांडा मारून खांदे लवकर भरून येतात की नाही? तसंच पिस्टनचं. तेवढ्याच वेळात जास्त पळायचं, मग तो झिजायचा.

मिस्त्री म्हणाले, ‘करतो की. पण मालक, गाडी मागं पडती ती कुठं? सरळीला, चढाला, का वळणात?’

सर्जेराव आठवायला लागले. तीन वर्षं हरले, पण कुठं हरले, हे बघितलंच नव्हतं! फक्त कुणाशी हरले, तेवढं पाठ!

‘सगळीकडंच पडती,’ म्हणाले.

‘मला एकदा शेजारी बसवून घाट चढवा. बघतो.’

‘तुमी काय बघणार? इंजिन कमी पडतंय, मिस्त्री, इंजिन!’

बाबालालनी सुस्कारा सोडला. ‘बरं. पण तीन गोष्टी ऐका. एक, मिनिटाला सहा हजार फेऱ्यांच्या वर इंजिन फिरवू नका. दोन, ब्रेक मोठं घाला. तीन, टायर चांगलं घाला. जोर वाढला की थांबवायला पण जोर लागतो.’

‘ब्रेक? मिस्त्री, मी गाडी पळवायला घेतलीया, थांबवायला न्हाई!’

हसता काय? आपणही हेच म्हणतो. फक्त गाडीबद्दल म्हणत नाही!

दोन महिने लागले. मिस्त्रींनी जीव ओतला. नवा क्रँक, नवे पिस्टन, ब्लॉकला आतून दाताच्या डॉक्टरसारखं कोरून जागा केली. आणि मंडळी, खोटं कशाला बोलू, कीर्तनात उभा आहे — इंजिन झालं झकास! ज्या चढाला दुसरा गिअर घ्यावा लागायचा, तिथं तिसऱ्यात गाडी अशी उचलायची, की सर्जेरावांची पाठ सीटला चिकटायची. एवढा आनंद त्यांना वरातीतसुद्धा झाला नव्हता! रोज सकाळी बॉनेट उघडायचे, फडक्यानं पुसायचे, बंद करायचे. पुन्हा उघडायचे.

त्यांच्या पत्नी शालनबाई म्हणाल्या, ‘अवो, येवढ्या वेळा तर देवघराचं दार बी उघडत न्हाई तुमी.’

आला शर्यतीचा दिवस. शर्यतीला माणसं लागतात — वळणावळणावर पिवळं निशाण घेऊन उभी राहणारी. पुढं काही अडचण झाली, की निशाण हलवायचं. शालनबाईंनी नाव दिलं होतं. सर्जेरावांनीच त्यांना सातव्या वळणावर उभं केलं, टायरांच्या थप्पीमागं. ‘तिथनंच मजा दिसंल,’ म्हणाले. ‘उत्तमचं तोंड कसं हुतंय, ते मी वर बघतो. तू माझी गाडी बघ.’

उत्तमराव आधी वर पोचले. मग सुटली लाल गाडी! पहिलं वळण, दुसरं, तिसरं — काय आवाज! माकडं झाडं बदलायला लागली! सहाव्या वळणापर्यंत सर्जेराव साडूच्या तीन सेकंद पुढं! सहा ते सात मोठी सरळ चढण. दरवर्षी त्या चढणीवर गाडी धापा टाकायची. आज? आज ती चढण आली कधी नि संपली कधी! सर्जेराव मनात म्हणाले, ‘घ्या सासूबाई, वाढा आता!’ आणि समोर सातवं वळण.

दाबला ब्रेक.

ब्रेक जुना. टायर जुने. आणि वेग मात्र नवाकोरा! चाकं ओरडली, गाडी वळायच्याऐवजी सरळ — थेट टायरांच्या थप्पीत. धाड!

माझ्याच दोन ओळी आहेत, संतांच्या नावावर खपवत नाही —

वाढविले बळ । वाढविला वेग ।
आवरेना मग । वळणात ॥

धूळ बसली. सर्जेराव दार ढकलून बाहेर आले. अंगावर ओरखडा नाही. आणि मंडळी, आता नीट ऐका. हा माणूस बाहेर आल्याबरोबर काय करतो? पळत पुढं जातो, बॉनेट उचलतो आणि इंजिनाला कान लावतो! इंजिन चालूच होतं. टुकटुक, टुकटुक. सर्जेरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. मोठ्यानं म्हणाले, ‘काय झालं न्हाई! काय सुदिक झालं न्हाई!’

वरच्या कठड्यावरून एक चहावाली बाई ओरडली, ‘आरं बाबा, तुझं झालं न्हाई! बाई हिकडं चरात पडलीया!’

सर्जेराव वळले. थप्पी अंगावर येताना शालनबाईंनी उडी टाकली होती. चरात बसल्या होत्या, चिखलात. डावा हात मनगटापाशी वाकडा. आणि उजवा हात वर — त्या हातात पिवळं निशाण, आणि त्या ते हलवत होत्या! का? अहो, खालून दुसरी गाडी सुटायची होती. तिला कुणीतरी सांगायला नको? हाड मोडलं होतं, ओठ दाताखाली धरला होता, पण काम सोडलं नव्हतं. नवऱ्याकडं बघत नव्हत्या. रस्त्याकडं बघत होत्या.

सर्जेरावांना वाटलं, तिनं आपल्याकडं बघून दोन शिव्या घालाव्यात. पण नाही. बघितलंच नाही.

शर्यत थांबली. दवाखाना झाला, प्लास्टर झालं. सर्जेराव स्वतः भाकरी थापायला लागले. भाकरी कसली? तिचा आकार असा, की भूगोलाच्या मास्तरांनी वर्गात टांगावी! शालनबाई एका हातानं ती मुकाट खायच्या. तीन आठवडे झाले. शेवटी सर्जेरावच म्हणाले, ‘शालन, चुकलं माझं. ब्रेक घालाय पायजे हुतं.’

शालनबाई म्हणाल्या, ‘ब्रेक लागला न्हाई, त्याचं मला काय न्हाई. हात मोडला, त्याचं बी न्हाई. गाडी हाय, हुतंय. पण तुमी आधी बॉनेट उघडलंसा.’

एवढंच बोलल्या. आणि ताट उचलून आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी सर्जेरावांनी गाडी ओढत नेली बाबालालकडं. ‘काढा हे इंजिन! भंगारात घाला! यानंच सगळं वाटोळं केलं!’

मिस्त्री भडकले. चाळीस वर्षांत त्यांना कुणी चिडलेलं बघितलं नव्हतं. ‘इंजिनानं काय केलं वं? तुमी पळ म्हणाला, पळालं. थांब म्हणायची सोय तुमी केली न्हाईसा! माझ्या क्रँकवर कशाला खापर फोडताय?’ मग जरा थांबून म्हणाले, ‘काढतो. भंगारात न्हाई. ऑइल लावून, फडक्यात गुंडाळून ठेवतो. जुनं इंजिन बसवतो, नवं ब्रेक, नवं टायर घालतो. आणि आता तरी मला शेजारी बसवा!’

बसवलं. घाट चढला. वर पोचल्यावर मिस्त्री काय म्हणाले? ‘मालक, वळणाच्या आधी तुमचा पाय ॲक्सिलेटरवर बी नसतो आणि ब्रेकवर बी नसतो. हवेत असतो! प्रत्येक वळणाला अर्धं सेकंद तुमी भीत घालवताय. बारा वळणं. मग ती भीती बुजवाय सरळीत बोंबलत पळताय. इंजिन कमी न्हाई पडत. वळण ठाऊक न्हाई तुमाला.’

‘मग ठाऊक कुणाला हाय?’

‘पयला कोण येतंय?’

अरेरे! सगळं सोसवलं, पण हे? साडूच्या दारात जायचं? पण गेले, मंडळी. चप्पल काढून उंबऱ्यापाशी उभे राहिले. ‘उत्तमराव, मला घाट शिकवा.’

उत्तमरावांना वाटलं, चेष्टा आहे. मग तोंड बघितलं आणि म्हणाले, ‘या की पावनं. पण चालत जाऊया.’

चालत! हा माणूस दर शर्यतीआधी अख्खा घाट पायी चढायचा. कुठं खडी सुटलीय, कुठं डांबर फुगलंय, कुठं झाडाच्या सावलीत ओल राहते — सगळं वहीत. सर्जेराव मागं मागं, धापा टाकत. तिसऱ्या रविवारी मागून आवाज आला, ‘थांबा, मी बी येते.’ शालनबाई! प्लास्टर निघालं होतं. हातात स्टॉपवॉच. म्हणाल्या, ‘वळण मला बी बघू दे. सातवं तर जवळनं बघितलंय मी.’

सर्जेराव हसले नाहीत. बाजूला सरकले, आणि त्यांना रस्त्याच्या आतल्या अंगाला घेतलं.

वर्ष गेलं. शर्यत आली. तीच गाडी, तेच जुनं सोळाशेचं इंजिन. वेळ लागला? आपल्या आजवरच्या सगळ्यात चांगल्या वेळेपेक्षा सात सेकंद कमी! पहिले आले? नाही! साडू अर्ध्या सेकंदानं पुढं! पण त्या दिवशी सर्जेरावांनी जाऊन उत्तमरावांना मिठी मारली, ती इतकी घट्ट, की काटकुळा माणूस मोडायला आला!

आणि मग बाबालालनी फडक्यातलं इंजिन काढलं. ‘आता घाला,’ म्हणाले. ‘आता तुमाला ठाऊक हाय ते कशाला पायजे — सहा ते सातच्या चढणीला.’ सर्जेरावांनी शालनबाईंकडं बघितलं. त्या म्हणाल्या, ‘घाला की. चांगलं झालंय ते. मिस्त्रींनी जीव लावलाय.’ घातलं. पुढच्या वर्षी आणखी दोन सेकंद कमी झाले, आणि सर्जेराव पहिले आले.

तर हिशेब मांडा, लेथवाले! पायानं, डोळ्यानं, ब्रेकनं दिले सात सेकंद. स्ट्रोकरनं दिले दोन. मग स्ट्रोकर करावं की नाही? करावं! मी कोण नको म्हणणार? ते दोन सेकंद खरे आहेत. पण ज्यानं आधीचे सात कमावलेत, त्यानं करावं. ज्यानं ते सात सोडून दोनाच्या मागं धाव घेतली, त्याच्या घरचं माणूस चरात पडलं.

आता हसून झालं असेल, तर इकडं बघा. मोबाइल हातातून पडला की बोंब मारता, आई जिन्यात घसरली की म्हणता ‘सांभाळून गं’ — मान वर न करता! ही उत्सवाची कार्यकारिणी पुढं बसलीय. यंदा स्पीकर दुप्पट लावलेत. मागच्या बायकांना काही ऐकू येतंय का, विचारलंत? नाही! बायका मघापासून हात हलवतायत, आवाज फाटतोय म्हणून, आणि अध्यक्षसाहेब, तुम्ही त्यांना परत हात हलवताय! तुम्हाला वाटलं, नमस्कार आहे!

विश्वकर्म्यानं हात दिलेत, मंडळी, ते यंत्राला लावायच्या आधी माणसाला लावा. आता घ्या देवाचं नाव, आणि वाजवा टाळी. मोठी नको हं — तालात हवी!