चार तास आडवं व्हायचं नाही

...आणि वर मलाच म्हणतात, ‘लिसबेट, तू फार बोलतेस!’ मी? अहो, लग्न होऊन हिबर्टांच्या घरी आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी फ्रान्झला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, कोपऱ्यात घेऊन विचारलं होतं, ‘पोरीला जीभ आहे ना रे? लग्नाआधी बघितलं होतंस ना?’ इतकी मी गप्प! आणि आता तोंड थांबत नाही... कुणामुळे? त्या एवढ्याशा पांढऱ्या गोळीमुळे!

गोळी माझी नव्हे हो, सासऱ्यांची. कॉर्नेलियस हिबर्ट, माणूस धान्याच्या कोठारासारखा, आयुष्य बीट आणि सूर्यफुलांत गेलेलं, पण उभं राहिलं की रक्तदाब धाडकन खाली आणि मागोमाग हे खाली! एकदा गोठ्यात पडले, एकदा चर्चमध्ये. प्रार्थनेला सगळे उभे राहिले, हेही राहिले, आणि पुढच्या बाकावर आडवे! मागच्या बायका कुजबुजतात, ‘पश्चात्ताप झाला वाटतं. बरं झालं, उशिरा का होईना.’

मग शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब चढवायची गोळी दिली, दिवसातून तीनदा, आणि आम्हा सगळ्यांना समोर बसवून सांगितलं, ‘हिने तुम्ही उभे राहाल. पण घेतली की चार तास आडवं व्हायचं नाही! आडवे झालात तर दाब चढतच जाईल, डोक्यातली शीर फुटेल.’

सासूबाई म्हणाल्या, ‘जेवल्यावरसुद्धा नाही?’

‘नाही.’

‘रविवारीसुद्धा?’

आता डॉक्टरीणबाईंना काय कल्पना! आमच्या वाडवडिलांनी धर्मापायी नाच सोडला, पत्ते सोडले, देश सोडले, पण दुपारची झोप? ती नाही सोडली! जेवण झालं की अख्खं गाव आडवं. ट्रॅक्टर बंद, फोन बंद, कुत्रंसुद्धा भुंकायचं ते शेजारच्या गावाकडे तोंड करून. आणि दुपारची गोळी नेमकी जेवणाबरोबर!

झोपेनंतर द्यावी म्हटलं, तर उठताना पडतात. झोपेआधी द्यावी, तर झोपता येत नाही. उभं राहिलं तर पडतील, पडले तर फुटतील... असा माणूस ठेवायचा कुठे? खुर्चीत! आणि राखण कुणी करायची? ‘लिसबेट करेल,’ सासूबाई म्हणाल्या, ‘ती गप्प असते, आपली झोप मोडणार नाही.’ झालं! सगळं घर घोरतंय आणि मी सासऱ्यांसमोर पहारेकरी.

तुम्हाला सांगते, गोळी चढली की त्यांच्या डोक्यात मुंग्या यायच्या, केस उभे राहायचे. सासूबाईंनी दोनदा उवा शोधल्या! आणि वर यांची घासाघीस सुरू. ‘सूनबाई, नुसती पाठ टेकतो.’ नाही, पप्पा. ‘पाय खाली ठेवतो, धड तेवढं आडवं.’ नाही. ‘डोळे मिटायला तरी बंदी नाही ना?’ आणि डोळे मिटले की गरम पावावरचं लोणी घसरावं तसे खुर्चीतून खाली खाली... ‘पप्पा! आडवं व्हायचं नाही!’

सूर्यफुलाच्या बिया दिल्या, त्या तोंडात धरून पेंगले. मग काय करणार? बोलायला लागले. मी! काहीही. आमच्या माहेरच्या हंसाने पाद्रीबाबांची पँट कशी फाडली, माझी तागाट नावाची मावशी लोणच्याच्या बरणीत कवळी कशी विसरली... एक डोळा मोठा करून बघायचा म्हातारा. ‘मग? पाद्रीबाबा काय म्हणाले?’ एकदा तर खदखदून हसले, आणि आतून सासूबाई, ‘श्श्श!’ आम्ही दोघं तोंडावर हात दाबून बसलो, शाळेतल्या पोरांसारखे. सासऱ्यांशी माझी मैत्री झाली, हो! आणि ते चर्चमध्ये उभे राहायला लागले. ताठ!

मग आला तो रविवार. फ्रान्झची सूझ आत्या आणि तिचा नवरा जेवायला आले. बोर्श्टचं सूप झालं, सॉसेज झालं, सासऱ्यांनी गोळी घेतली, आणि आता पाहुण्यांना झोप. पण आमच्यात घरधनी आडवा झाल्याशिवाय पाहुण्याने आडवं व्हायचं नाही. तेव्हा बसले दोघं, ताठ, पापण्या जड. आत्या म्हणते, ‘नको नको, आम्हाला कुठे झोप येतेय!’ आणि एवढी मोठी जांभई! तिचा नवरा तर डोळे उघडे ठेवूनच घोरत होता. सांगायचं ना कुणीतरी की बाई, यांना मनाई आहे, तुम्ही पडा? पण नाही! पाहुण्यांसमोर आजारपण काढायचं नाही. सासरे उठले, म्हणाले, ‘चला, पाचच मिनिटं,’ आणि कोचाकडे निघाले.

मी ओरडले. पाहुण्यांसमोर, एवढ्या मोठ्याने, ‘पप्पा, आडवं व्हायचं नाही!’

सासूबाईंनी माझं मनगट धरलं. ‘लिसबेट! पाच मिनिटांनी काय होतंय? लोकांना अवघडल्यासारखं करू नकोस.’ सासरे माझ्याकडे बघून हळूच डोळा मारून आडवे झाले, आणि त्यांच्या मागोमाग अख्खं घर. फ्रान्झ म्हणाला, ‘जाऊ दे गं, आज एक दिवस.’

पाच मिनिटं झाली. मी दारात उभी. झोपलेल्या माणसाला उठवणं म्हणजे आमच्यात चोरी केल्यासारखं, तरी गेले, खांदा हलवला. ‘पप्पा, बसा बघू.’ डोकं धरून घशातून कसलासा आवाज काढला त्यांनी. माझं नाव असावं. तोंडाची उजवी बाजू उतरली होती.

वाचले. म्हणजे श्वास आहे. उजवं अंग गेलं, बोलणं गेलं. सूझ आत्या आली होती भेटायला, रडली, म्हणाली, ‘मला कुणी सांगितलं असतं तर मी जमिनीवर झोपले असते गं!’ सासूबाई हल्ली दुपारी भिंतीकडे तोंड करून पडतात, पण घोरत नाहीत.

गोळी बंद. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ‘आता उभं करू नका. डोकं उंच ठेवा आणि हवं तेवढं झोपू द्या.’ झालं की नाही मनासारखं? मऊ गादी, पाठीशी तीन उशा, कुणाची मनाई नाही, आणि डोळे? टक्क उघडे! मी म्हणते, ‘पप्पा, झोपा आता.’ तर डाव्या हाताने माझी बाही ओढतात. मग ओढते खुर्ची, बसते. पण सांगू काय? सगळे हंस संपले, सगळ्या मावश्या संपल्या... रोज दुपारी धडधडीत खोटं रचून सांगते, हो, दर रविवारी चर्चला जाणारी सून मी! आणि त्यांना कळतं की खोटं आहे... थांबले की पुन्हा बाही ओढतात.