लॅमिनेट केलेला नंबर

—नाही हो सेन्योरा, दारू पिऊन नाही, चोरीसुद्धा नाही. नंबरप्लेटसाठी. खोट्या नंबरप्लेटसाठी माझा नवरा कोर्टाच्या त्या दारापलीकडे उभा आहे. हसा, मीही आधी हसलेच होते — अख्ख्या ह्यूस्टनमध्ये इतक्या गाड्या तात्पुरत्या कागदी प्लेटवर फिरतात, त्यात आमचीच दिसली? आमचीच दिसली. खरा कागद उन्हानं पिवळा पडतो, कोपरे मुडपतात, आणि आमचा? लॅमिनेट केलेला. भर दुपारी पोलिसाच्या डोळ्यांत चमकला. आता असलं कोण करतं? शाळेतली बाई करते. बालवर्गात मदतनीस आहे ना मी — मुळाक्षरं लॅमिनेट, डब्याचं वेळापत्रक लॅमिनेट, हात नुसते शिवशिवतात—

हं. बोलून गेले.

असू दे, तुम्ही कुणाला सांगणार? हो, मीच छापला. गाडी तपासणीत नापास, म्हणून खरी प्लेट नाही, आणि गाडीशिवाय ह्या मांडीवरच्या पोरीला डॉक्टरकडे न्यायचं कसं — हायवेच्या कडेनं चालत? फोनवरून एक माणूस फाइल पाठवतो, आपण छापायची. मला वाटलं, नंबर म्हणजे नुसते आकडे, ते कुणाचे थोडेच असतात. असतात, बाई. इथल्या शेजारच्या पासाडेनातल्या एका म्हाताऱ्याच्या पिकअपचे होते. तोच नंबर त्या माणसानं कितीजणांना विकलेला, त्यातल्या कुणीतरी दुकान लुटलं, आणि पोलिसांनी रस्त्यात गुडघ्यांवर बसवलं ते त्या म्हाताऱ्याला. नातीसमोर.

आणि आमचा रमीरो पोलिसाला म्हणाला, कागद मी छापला. मला न विचारता. खोटी प्लेट लावून नुसती गाडी चालवली तर सहा महिन्यांपर्यंत तुरुंग, पण छापणाऱ्याची शिक्षा वर्षांत मोजतात — वकिलानं बोटं वर करून दाखवलं. जामिनावर घरी आल्यावर म्हणतो, "वेडे, पोरीला दूध काय मी पाजू?" मी म्हटलं, बाटली असते. एकदाच म्हटलं. त्याला ऐकू जाणार नाही अशा बेतानं. शिकलेली आहे ना, मला दोन्ही बाजू दिसतात — शाळेत कळलं तर पुन्हा मुलांजवळ उभी करणार नाहीत, हप्त्याभरात नोकरी जाईल, आणि दोघंही आत गेलो तर हिचं काय — माझ्या सोयीची बाजू जरा जास्तच ठळक दिसते, एवढंच.

आज मात्र ठरवून आले होते. त्यानं गुन्हा कबूल करायच्या आत दार ढकलायचं आणि सांगायचं. बसमध्ये मनात घोकत आले, कुठला शब्द आधी, कुठला नंतर—

हो, ऐकलं मी. त्याचंच नाव पुकारलं. रमीरो त्रेविन्यो.

उठते. उठतेच आहे — हिचा आत्ताच डोळा लागलाय, हलले तर रडेल, आणि आत रडकं मूल चालत नाही, लिहिलंय बघा दारावर. तुम्ही घेता? नको. अनोळखी माणसाकडे राहत नाही ती.

राहते कधीकधी.

नाही, हात नका पुढे करू, सेन्योरा. तुम्ही आपल्या त्या पलीकडच्या बाकावर बसा बरं.