कंपनीची गावपळण

रुक्मिणीबाईंना दुसऱ्याच्या घरातलं ऐकायची हौस नव्हती. पण कान म्हणजे काय झाकून ठेवायची भांडी? आचऱ्याच्या एसटी स्टँडवर शेजारच्या बाकावर सासू-सून बोलत होत्या.

"आये, ह्येंची कंपनी मुंबयसून नाशकाक हलली. सगळ्या कामगारांका थंय जावचा लागतला."

"म्हंजे गावपळणच गो! रामेश्वर देवाचो हुकूम झालो की आमचो अख्खो गाव नाय वेशीभायर जावन ऱ्हवता?"

"ती तीन दिसांची. ही कायमची. कंपनी खोली देता, तू पण ये म्हणतत."

"मगे?"

"मी जावचंय नाय. तुमका एकट्यांका टाकून?"

"गावपळणीक आमी खुडूक कोंबडीसुद्धा मागे ठेवणव नाय, आणि तू घोवाक एकटो धाडतलंस?"

"मगे तुमी पण चला."

"मी? माझी कंपनी रामेश्वराची. त्येची बदलीची ऑर्डर अजून येवक नाय. ऊठ, नाशकाची गाडी खंयसून सुटता ता कंट्रोलराक इचार."

सून डोळे पुसत, हसत उठली. ती खिडकीपाशी पोचल्यावर म्हातारी रुक्मिणीबाईंकडे सरकली.

"बाय, ह्या नाशिक लय लांब आसा काय गो?"