पट्ट्यात झोपणारं माणूस

वन्सं: अगं, सहाला गाडी येणार आणि तू अजून कात्री घेऊन बसलीस? पुरस्कार घ्यायला ह्या अवतारात जाणार?

भावजय: बसा वन्सं. तेवढं कापड नका हलवू, माप चुकेल.

वन्सं: आणि ही ढाल मागच्या वर्षीची ना? उद्योजिका म्हणून मिळालेली? कापडावर वजन म्हणून ठेवलीस?

भावजय: जड आहे, चांगली बसते. आज आणखी एक मिळेल. दुसऱ्या टोकाला होईल.

वन्सं: काय बाई बोलणं! टाळ्या वाजतील, फोटो येईल.

भावजय: येतो ना फोटो. मग कोणीतरी विचारतं, घर कसं सांभाळता? आणि तुमच्या भावाला कोपऱ्यात घेऊन विचारतात, आजाऱ्याला उचलायच्या पट्ट्याची कल्पना मूळची तुमचीच ना साहेब?

वन्सं: तो काय म्हणतो?

भावजय: म्हणतात, मला उशीला अभ्रा घालता येत नाही. खरं तेच सांगतात बिचारे.

वन्सं: आज तरी नीट तोंडानं जा. पट्टा बनवायला मागणाऱ्या कंपनीची माणसंही तिथं येणार, तुझ्या होकाराची वाट बघतायत. देऊन टाक त्यांना तो पट्टा. नाव तुझं राहील, राबतील ते. लोकांच्या पाठी वाचवायला निघालीस आणि स्वतःची घालवून बसलीस.

भावजय: निम्मी आधीच गेली होती. आईंच्या काखेत हात घालून त्यांना उचलायचे ना, त्यात. उरलेली ह्या खाटेनं घेतली. पट्टा शिवून झाला की मी त्यात झोपायचं, शिवणाऱ्या बायांनी मला उचलून बसवायचं, मी उतरायचं, की पुढचा पट्टा. दिवसभर तेच. डॉक्टर म्हणाले, आता बंद.

वन्सं: पण प्रत्येक पट्ट्यात माणूस कशाला झोपायला हवं? कंपनी काय करणार आहे?

भावजय: वाळूची गोणी घालून उचलणार.

वन्सं: मग झालं तर!

भावजय: गोणीला काचत नाही वन्सं. शिवण आतून टोचली तर गोणी सांगत नाही. आणि अंथरुणाला खिळलेलं माणूसही सांगत नाही. आधीच सगळ्यांना आपला ताप, त्यात आणखी कुरकुर कशाला, म्हणून गप्प राहतं. आई राहायच्या तशा. पहिल्या पट्ट्यानं मांडीवर वळ उठले होते, मला अंग पुसताना दिसले.

वन्सं: मला कधी बोलली नाही ती.

भावजय: तुम्ही फळं घेऊन यायचात, खुर्चीवर बसायचात. खुर्चीवरून वळ दिसत नाहीत.

वन्सं: बोललीस एकदाची. आई जाऊन इतकी वर्षं झाली, मी वाटच बघत होते.

भावजय: दमलेय हो. तोंडातून गेलं.

वन्सं: गेलं ते बरं झालं. मला बघवायची नाही गं ती तशी. दारातूनच पळून जावंसं वाटायचं. बरं, ते राहू दे. झोपायला एखादी बाई ठेव ना.

भावजय: दोन ठेवल्या, दोघी गेल्या. सगळ्यांदेखत असं उचलून घ्यायची लाज वाटते म्हणाल्या. म्हणून तर आज कंपनीला हो म्हणून येणार. मन तयार नाही, पण पाठ ऐकत नाही.

वन्सं: सरक बाजूला. आण तो पट्टा.

भावजय: अहो, वन्सं! चपला तरी काढा.

(वन्सं खाटेवर आडव्या होतात. भावजय पट्टा त्यांच्या पाठीखालून आणि मांड्यांखालून घेते.)

वन्सं: तुझ्या पाठीला झेपेल का पण?

भावजय: उचलायला पाठ लागतच नाही, तोच तर शोध आहे. गुडघे वाकवायचे आणि मागे रेलायचं. हं, अंग सैल सोडा.

वन्सं: अगं बाई! थांब, थांब, पडेन मी!

भावजय: बसलातसुद्धा.

वन्सं: बसले? मी? डाव्या काखेत टोचतंय पण.

भावजय: नक्की?

वन्सं: मी काय गप्प बसणाऱ्यातली आहे?

भावजय: बघू. खरंच की, दोऱ्याची गाठ आत आलीय. हा उसवावा लागणार.

वन्सं: आईला पहिल्यांदा असं बसवलंस, तेव्हा ती काय म्हणाली गं?

भावजय: आधी नुसत्या खिडकीबाहेर बघत बसल्या. मग म्हणाल्या, आता मी तुला जड होत नाही ना गं? बस, एवढंच. ह्या ढालीबिली कोणीही देतं वन्सं. मला मिळालं ते तेवढंच, त्याच्यावरच आजवर रेटलं.

वन्सं: तू काय म्हणालीस?

भावजय: काय म्हणणार? रडले. मग त्याच ओरडल्या, रडतेस काय, चहा टाक.

वन्सं: ओरडली असेल. आईच ती. हे बघ, उद्यापासून मी येते. घरी बसून टीव्हीच बघते. झोपायचं आणि कुरकुर करायची, दोन्ही मला जन्मापासून येतं.

भावजय: चेष्टा नको. रोजचं काम आहे हे. बाया हसतील.

वन्सं: हसू देत. तिला उचलायला आले नाही मी. तिच्या पट्ट्यात झोपायला तरी येऊ दे.

भावजय: डोळे पुसा आधी.

वन्सं: पुसते. कंपनीला काय सांगणार ते सांग.

भावजय: नाही म्हणून सांगते. उद्या दहाला या. आणि काचलं की लगेच बोलायचं वन्सं, आईंसारखं सोसायचं नाही.