डावी बाजू

चष्मेताई : नको, पाणी नको. ती घरात नाही म्हणता, तर मी इथे दारातच थांबते. तुम्ही तिचे मिस्टर ना? पोहायला शिकवता ते?

मास्तर : शिकवायचो. सध्या तलावाच्या तिकीटखिडकीवर बसतो, खांदा दुखतो म्हणून. ती भाजी आणायला गेलीय, येईल इतक्यात. पण तुम्ही कोण?

चष्मेताई : चौकात बँकेच्या खाली चष्म्याचं दुकान आहे ना, ते माझं. सगळे चष्मेताईच म्हणतात. तिनं माझं नावसुद्धा काढलं नाही कधी?

मास्तर : नाही बुवा. तिचा नंबर वाढलाय का?

चष्मेताई : नंबर वाढला म्हणून कुणी घर शोधत येतं का हो? दर शनिवारी दुपारी दुकानाच्या माळ्यावर आमची बैठक असते. गेल्या दोन बैठकांना ती आली नाही. फोनही उचलत नाही.

मास्तर : शनिवारी ती शिवणाच्या क्लासला जाते.

चष्मेताई : असं सांगितलंय होय.

मास्तर : कसली बैठक? काही विकायबिकायची योजना असेल तर आत्ताच सांगा. आमच्याकडे गिऱ्हाईक मिळणार नाही.

चष्मेताई : मी सांगावं की नाही, कळत नाही. ती म्हणाली होती, घरात हा विषय काढला की नवरा उठून जातो. तेव्हा तुम्ही आधी बसा.

मास्तर : माझ्या घरात मी बसेन नाहीतर उभा राहीन. बोला तुम्ही.

चष्मेताई : आम्ही सगळ्या एकाच दुखण्यातल्या. कुणाचे उपचार चालू आहेत, कुणाचे संपलेत. मनातलं बोलायला जमतो. मागच्या वेळी ती हळूच बोलून गेली, की रोजची गोळी बंद केलीय. अहो, ती गोळी अशी आपल्या मनानं सोडायची नसते. आमच्यातल्या एकीनं सोडली होती. तिची गाठ परत आली.

मास्तर : गाठ?

चष्मेताई : हो.

मास्तर : कुणाला गाठ? हिला? हिला गाठ आहे?

चष्मेताई : म्हणजे तुम्हाला खरंच काही...

मास्तर : कधीपासून? सकाळी तर मला डबा भरून दिला. किल्ली विसरलो म्हणून जिन्यापर्यंत धावत आली. हसत होती. तिलापण? एका घरात दोघांना होतं का हो असं? होतं का?

चष्मेताई : दोघांना म्हणजे?

मास्तर : काही नाही. तुम्ही पुढे सांगा.

चष्मेताई : मास्तर, बसा.

मास्तर : बसायचं राहू द्या! ती काय काय म्हणाली ते सांगा. काही गाळू नका.

चष्मेताई : फार नाही बोलत ती. पण बोलली की काळजाला घरं पडतात. म्हणाली, मी दिवा न लावता आंघोळ करते. बाथरूममधला आरसा मीच काढून टाकला आणि घरात सांगितलं, तडा गेला होता.

मास्तर : आरसा?

चष्मेताई : टॉवेल गळ्यापर्यंत गुंडाळल्याशिवाय बाहेर येत नाही म्हणाली. मध्येच अंगातून वाफा निघतात, पाठ भिजून जाते. मग खिडकीशी जाऊन उभी राहते. कुणी विचारलं तर म्हणते, बाहेर कोण ओरडतंय ते बघतेय. आणि झोपताना घरच्या माणसाकडे पाठ करते. डाव्या बाजूला चुकून हात लागेल, याची भीती. दुखेल म्हणून नाही. हाताला काही लागणार नाही, म्हणून.

(मास्तर शर्टाचं गळ्याजवळचं बटण लावतात.)

चष्मेताई : मास्तर?

मास्तर : ऑपरेशन कधी झालं म्हणाली?

चष्मेताई : थंडीत. तुम्ही नव्हतात का दवाखान्यात?

मास्तर : होतो. मीच होतो.

चष्मेताई : मग गाठ म्हटल्यावर एवढे दचकलात कशाला?

मास्तर : ताई, तिला काही झालेलं नाही. देवाची कृपा, तिला काही नाही. डावी बाजू माझी. आरसा मी काढला. गोळी मी सोडली.

चष्मेताई : तुमची? पण तुम्ही तर...

मास्तर : पुरुष. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मीही हेच म्हणालो. छातीचा कॅन्सर पुरुषांनाही होतो म्हणे, क्वचित. आमचं नशीब नेमकं तिथे फळफळलं.

चष्मेताई : अगं बाई! म्हणजे ती आमच्यात बसून... अहो, तिचा हात धरून मी रडलेय.

मास्तर : आणि माझी लाज तिनं माळ्यावर वाळत घातली! इतक्या बायकांसमोर!

बायको : दार उघडं का टाकलंय हो? आवाज खालपर्यंत... चष्मेताई? तुम्ही?

मास्तर : ये. पिशवी ठेव. शिवण कुठवर आलीय?

चष्मेताई : तू आम्हाला फसवलंस.

बायको : हो.

चष्मेताई : हो काय हो? काय म्हणून?

बायको : मला तुमच्याकडे कुणी पाठवलं, ते ऐका आधी. औषधाच्या दुकानातल्या भाऊंनी. मी डोकेदुखीची गोळी घ्यायला गेले, तर म्हणाले, 'वहिनी, आता बरं वाटतंय ना? मास्तर तुमची गोळी न चुकता नेतात हो.' माझी गोळी! मी बघतच राहिले.

मास्तर : तो म्हणाला, 'घरी वहिनींना का?' तलावावरच्या पोरांचे बाप शेजारी उभे होते. मी मान हलवली. एवढंच.

चष्मेताई : एवढंच कसं? दुखणं तिच्या नावावर आधी तुम्हीच केलंत की!

मास्तर : वेळ मारून नेली.

बायको : ती वेळ माझ्यावर आली ना. भाऊंनीच चष्मेताईंचा पत्ता दिला. मी ठरवून गेले होते, सांगायचं, मी पेशंटची बायको, मला विचारायचंय की अशा माणसाशी बोलायचं तरी कसं. वर पोचले तर एकीनं खुर्ची पुढे केली आणि विचारलं, 'तुझी कुठली?' मी म्हटलं, 'डावी.' जीभच तशी वळली. आणि मग सगळ्या माझ्याशी इतक्या चांगल्या वागल्या, की उलटं बोलवेना.

मास्तर : मला विचारायचं होतंस.

बायको : तुम्हाला? दुखतंय का विचारलं, तर म्हणता मीठ जास्त झालंय. झोप लागली का विचारलं, तर पंख्याचं बटण बिघडलंय.

मास्तर : बिघडलंच होतं. पण अंधारातली आंघोळ तुला कशी कळली?

बायको : दाराखालच्या फटीत उजेड दिसत नाही, मग कळणार नाही? दोन खोल्यांचं घर आपलं. त्यात माणूस लपून लपून किती लपेल?

चष्मेताई : आणि तू रडायचीस ते? तेही खोटंच?

बायको : नाही हो. रडणं माझं होतं. बाकीचं सगळं यांचं.

चष्मेताई : मग यायची का थांबलीस?

बायको : ती चित्रकलेची शिक्षिका नवीन आली होती, ऑपरेशन व्हायचं होतं ती. जाताना तिनं मला जिन्यात गाठलं. म्हणाली, 'एकदा मला दाखवाल? बघितलं की भीती जाईल.' मी काय दाखवणार? ओढणी आवळली आणि पळाले. तिला वाटलं असेल, दाखवता येऊ नये इतकं भयंकर असतं. तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही माझ्या. तिनं ऑपरेशनच नको म्हटलं तर? कुणाचं पाप कुणाच्या माथी?

चष्मेताई : रडत वर आली ती. मी दाखवलं तिला, माझं उजवं. आधी तिनं डोळे मिटून घेतले, मग नीट बघितलं. आता भरती झालीय.

बायको : खरंच? नक्की?

चष्मेताई : काल मी तिच्या खाटेवर बसून आले. मास्तर, तुम्ही सांगा, गोळी का सोडलीत?

मास्तर : बायकांची गोळी ती. आतला कागद वाचा. पाळीचं काय होईल, गर्भारपणाचं काय होईल. मी कुठल्या ओळीत बसतो?

चष्मेताई : गिळणारी बाई आहे की बुवा, गोळीला काय कळतंय?

मास्तर : हसू नका. गोळी घेत होतो तेव्हा खिडकीवर बसल्या बसल्या घामाची धार लागायची. लोक विचारायचे, मास्तर, पोहून आलात काय?

चष्मेताई : हसत नाही. वाफांचं डॉक्टरांच्या कानावर घातलंत?

मास्तर : नाही.

चष्मेताई : मी घातलं. त्यांनी काही बदल करून दिले. कमी झाल्या. गेल्या म्हणणार नाही, खोटं कशाला बोलू? या खोलीत आज पुरेसं झालंय.

मास्तर : ती तुमची मैत्रीण, गाठ परत आलेली... ती कशी आहे?

चष्मेताई : पुन्हा उपचार चालू आहेत. टोपी घालून येते बैठकीला. सगळ्यांत जास्त हसवते तीच.

मास्तर : मला सोडून बरेच दिवस झाले. म्हणजे आत आता काही सुरू झालं असेल?

चष्मेताई : ते मला नाही सांगता येणार. काही होत नाही म्हणून पाठीवर हातही फिरवणार नाही. उद्या सकाळी डॉक्टरांकडे जा.

बायको : मी येऊ बरोबर?

मास्तर : ये.

बायको : आत येईन. बाहेरच्या बाकावर नाही बसणार.

मास्तर : आत ये म्हणतोय ना. ताई, एक विचारू? हात वर घेतला की काखेतून दोरी ताणल्यासारखं होतं. कोपरापर्यंत. त्याचीच जास्त धास्ती आहे. रात्री वाटतं, हीच ती, परत आली.

चष्मेताई : दोरी मलाही होती. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी हळूहळू सोडवली. पण तीच आहे का बघायला हवं. शर्ट काढा बघू.

मास्तर : इथे?

चष्मेताई : मग काय तलावावर? बारीक बघण्यातच माझा जन्म गेलाय.

बायको : मी आत जाते. कांदे ओतायचेत डब्यात.

मास्तर : थांब.

बायको : नको, तुम्हाला आवडत नाही. ऑपरेशन झाल्यापासून मी कधी...

मास्तर : थांब म्हणतो ना. कांदे काय पळून जातात?

चष्मेताई : हां. हात वर. आणखी थोडा. बास, ओढू नका. ही बघा, ही ताणली जातेय ती. माझी अशीच होती. तरी उद्या डॉक्टरांना दाखवा, माझ्यावर राहू नका. टाक्यांची खूण मात्र बारीक राहिलीय हो.

मास्तर : काय गं, तोंड का फिरवलंस?

बायको : फिरवलं नाही. डोळ्यांत पाणी आलंय, काही दिसत नाही.

मास्तर : मग पूस, आणि बघ.

बायको : एवढीच?

मास्तर : एवढीच म्हणजे?

बायको : मी माळ्यावर याहून मोठी सांगितली होती.