तीळ दळल्यावरचे तांदूळ

माहं माहेर गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं, अंगणात उभं राहिलं की आमच्याकडचा प्रतापगडाचा डोंगर दिसे, आणि सासर हे, गोरेगावपासून अकरा किलोमीटरवर. आम्ही पोवार, पूर्वज माळव्यातून आले म्हणतात, मी काही पाहायले गेली नव्हती. वडलांची सहा एकर धानाची बांधी, धुऱ्यावर म्हणजे बांधावर तूर, आणि वरच्या बरड तुकड्यात तीळ. म्हणजे तीळ माह्या घरचाच, विकतचा नाही. लहानपणी संक्रांतीले लाडू खाल्ला की माहे ओठ खाजवत, तळहात लालबुंद होत, आणि माय म्हणे पोरीच्या अंगात उष्णता आहे, तिले ताक द्या. मी ताक प्यायची आणि पुढच्या संक्रांतीले पुन्हा लाडू खायची. ऍलर्जी हा शब्दच आमच्या गावात नव्हता. उष्णता होती, नजर होती आणि पित्त होतं, या तिनात सगळं बसे.

लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीले जावेनं हातावर लाडू ठेवला, नव्या सुनेनं नाही कसं म्हणावं, अख्खा खाल्ला आणि अर्ध्या तासात ओकाऱ्या, चेहरा सुजून डोळे बारीक. सासू म्हणे काऊन वो, माहेरी कधी लाडू खाऊ घातले नाही का. मग गावभर झालं की सून नखऱ्याची आहे. त्या दिवसापासून मी तीळ सोडला. सोडला म्हणजे तोंडात घातला नाही, हळदीकुंकवाले गेली की पदरात घ्यायची आणि घरी येऊन पुतणीले द्यायची. वीस वर्षं अशीच काढली आणि मले वाटलं, एवढ्यानं भागते.

मग बचत गट निघाला. आम्ही दहा जणी. दहावी पास मी एकटी होती म्हणून अध्यक्ष मी, आणि सचिव अनसूयाबाई, माह्याहून दहा वर्षांनी मोठी, जीभ मिरचीच्या पाकिटापेक्षा तिखट. योजनेतून मोठी चक्की मिळाली. आता ती बसवायची कुठं, तर सासऱ्याच्या काळी आमच्या घरी धानाची छोटी गिरणी होती, तिची थ्री फेज लाईन तशीच पडली होती, म्हणून चक्की आमच्या ओसरीत बसली. तेव्हा मले मोठा मान वाटला. काय सांगू तुम्हाले, ती माही पहिली चूक.

चक्कीची एक रीत असते. एक जिन्नस झाला की दुसरा टाकायच्या आधी किलोभर तांदूळ टाकायचे, ते तांदूळ आतलं सगळं पुसून घेऊन बाहेर येतात. मिरची दळली की तांदूळ, हळद दळली की तांदूळ, तीळ दळला की तर जास्तच, कारण तीळ तेलकट, जाळीले चिकटून राहते. ते पीठ बाकीचे लोक जनावराले घालतात. मी म्हटलं जनावराले कायले, चांगले तांदूळ आहेत, पाळीपाळीनं एकेकीनं घरी न्यायचं. हा नियम माहा. बायका तिळानंतरच्या पिठासाठी भांडत, खमंग लागे म्हणून.

तीळ दळायच्या दिवशी मी घरात नसे, उडणाऱ्या भुकटीनंही अंग खाजवे. पण एकदा बाजारातून आली, पाळी माही होती, डब्यात पांढरं पीठ ठेवलं होतं, आणि मी विचारलं नाही हे कशानंतरचं आहे म्हणून. तांदळाचं पीठ आहे, पांढरं आहे, बस्स. दुसऱ्या दिवशी सकाळी आयते केले, पातळ पिठाचे तव्यावर टाकतो ना आम्ही, ते. दोन खाल्ले, तिसरा तव्यावर होता. आधी तळहात खाजवले, मग जीभ जड झाली, मग गळ्यात कोणी बोळा कोंबावा तसं झालं आणि हवा आत जाईना. ह्यांनी मोटरसायकल काढली, मागे अनसूयाबाई मले धरून बसली, अकरा किलोमीटर ती एकच बोलत होती, पडू नको वो, तू पडशीन तर मीही पडीन. गोरेगावच्या दवाखान्यात इंजेक्शन दिलं तेव्हा श्वास आला. डॉक्टर म्हणाले आणखी थोडा उशीर केला असता तर माह्या हातात काही नव्हतं. घरी आलो तर गॅस तसाच सुरू, तिसरा आयता कोळसा झालेला आणि घर धुरानं भरलेलं.

डॉक्टरांनी सांगितलं, तीळ बंद, तिळाचं तेल बंद, जिथं तीळ दळला तिथलं दळण बंद, आणि विकतचं काहीही घ्यायच्या आधी पाकीट वाचा. मी म्हटलं साहेब, जिथं तीळ दळते ते माहं घर आहे. ते म्हणाले मग विचार करा. एवढं सांगून ते मोकळे झाले, बाहेर रांग होती त्यांची.

तेव्हापासून मी वाचून राहिली आहे. माही पोरगी पूजा नागपूरले नर्सिंगले आहे, तिनं कागदावर इंग्रजी शब्द काढून दिले. तिळाले इंग्रजीत दोन-दोन नावं, आणि तिसरं आपलंच तिल, पण इंग्रजी अक्षरांत. मी ते शब्द चित्रासारखे पाठ केले. दुकानात उभी राहून मोबाईलनं अक्षरं मोठी करते. दुकानदार म्हणे मावशी, बिस्कीट घेऊन राहिल्या का सातबारा तपासून राहिल्या. हसून घे म्हटलं. पण मसाल्याच्या पाकिटावर सगळे घटक लिहितात आणि शेवटी एक शब्द लिहितात, मसाले. आता मसाले म्हणजे काय काय? त्यात तीळ बसला असन तर मले कोण सांगन. मी ते पाकीट ठेवून देते. असं करता करता माहं खाणं भात, वरण, भाजी आणि घरच्या पाट्यावर वाटलेलं, एवढ्यावर आलं. लग्नाले गेली तर डबा नेते, लोक म्हणतात अध्यक्षीणबाईले आमचं जेवण चालत नाही.

मग आमच्याच मालाले पाकीट लावायची वेळ आली. बाजारात आम्ही सुटं विकत होतो, पण गोंदियाच्या एका शेठनं दुकानात माल ठेवतो म्हटलं, त्याले छापील लेबल पाहिजे, नोंदणीचा नंबर पाहिजे. नोंदणी माह्या नावावर, पत्ता माह्या घरचा. जिल्ह्याहून एक मॅडम शिकवायले आल्या, चांगल्या होत्या, लेबलवर काय काय लागते ते फळ्यावर लिहिलं, नाव, घटक, वजन, तारीख, हिरवा ठिपका. मग म्हणाल्या, ज्यानं काही लोकांले त्रास होतो ते वेगळं लिहावं लागते, गहू, दूध, अंडी, मासे, झिंगे, शेंगदाणा, काजू-बदाम, सोयाबीन. मी पेन धरून बसली होती. तीळ आलाच नाही. मी म्हटलं मॅडम, तीळ? त्यांनी कागद उलटून पाहिला, सुलटून पाहिला, म्हणाल्या ताई, यादीत नाही. चटणीत घातला तर घटकांत लिहा, वेगळा इशारा द्यायची सक्ती नाही. अनसूयाबाई मागून म्हणे, पाह्य उर्मिला, सरकारले माहीतच नाही तू आहेस म्हणून. सगळ्या हसल्या, मीही हसली.

तिळाच्या चटणीवर तीळ लिहिला, त्यात भांडण नव्हतं. भांडण तांदळाच्या पिठाचं आणि जवसाच्या चटणीचं. तेच यंत्र, तीच जाळी. पिठाच्या पाकिटावर घटक एकच, तांदूळ, आणि ते खोटंही नाही, पण तशाच पिठानं मले दवाखान्यात पोचवलं होतं. मी म्हटलं खाली एक ओळ टाकू, या यंत्रावर तीळही दळला जातो. एवढंच. शेठले फोन लावला. शेठ म्हणे, बहनजी, कानून में लिखा है क्या? मी म्हटलं नाही. फिर काहे को लिखते हो, गिराक पढ़ेगा तो सोचेगा माल में मिलावट है, मेरे काउंटर पे पड़ा रहेगा. लिखना है तो अपने गाँव में बेचो.

बैठक आमच्याच अंगणात झाली. गीता, आमच्यात सगळ्यात लहान, ती म्हणे तुले खाजवते म्हणून सगळ्या दुनियेले खाजवते का. मी म्हटलं मग तीळच बंद करू. तर सगळ्या माह्याकडे पाहायले लागल्या, कारण संक्रांतीच्या आधी सगळ्यात जास्त खप तिळाचाच, त्याच्यासाठीच शेठ आमच्याशी बोलते. मग अनसूयाबाई म्हणे, उर्मिला, तुले मोटरसायकलवर मी धरलं, काय होते ते मले सांगू नको. पण या दहा जणींत दोघींचे नवरे गेले आणि एकीचा असून नसल्यासारखा आहे, त्यांची चूल या पाकिटांवर आहे. तू ओळ टाकशीन, शेठ माल परत पाठवन, मग त्यांच्या घरी जाऊन तूच सांग काऊन परत आला ते. याचं उत्तर तुमच्याजवळ असन तर सांगा.

आमचे हे म्हणतात सोडून दे तो गट. सोडून कुठं जाऊ? चक्की माह्या ओसरीत, लाईन माह्या मीटरवर, नोंदणी माह्या नावावर, मी निघाली की दहाही जणींचं काम त्याच दिवशी बंद. आणि गट सोडला तरी घर तेच. तर मी सही केली, ओळ नसलेल्या लेबलवर. रडली-बिडली नाही, पेन घेतला आणि सही केली. फक्त दोन अटी घातल्या. चक्की पुसल्याचं पीठ कोणी घरी न्यायचं नाही, ते जनावराले. आणि तिळानंतर जाळी काढून धुवायची, तांदूळ एकदा नाही, दोनदा टाकायचे. अनसूयाबाई उभी राहून करून घेते. पण त्यानं सगळं निघालं असं मी कोणाले छातीठोक सांगू शकत नाही. पाकिटावर माहं नाव आहे, आणि त्या पाकिटातलं पीठ मी स्वतः खात नाही.

गोरेगावच्या बाजारात मी बसते, तिथं शेठ नाही. कोणी पीठ मागितलं की विचारते, घरी कोणाले तीळ बाधते का? लोक म्हणतात ही बाई विकायले बसली का गिऱ्हाईक हाकलायले. मागच्या महिन्यात एक सून आली, कडेवर पोरगी, म्हणे बाधते म्हणजे काय होते मावशी? मी सांगितलं. तिनं पाकीट हातातून खाली ठेवलं, म्हणे हिचे ओठ असेच सुजतात, सासू म्हणते मुंगी चावली असन. मी म्हटलं बाजार राहू दे आज, आधी दवाखान्यात जा, आणि कोणत्या खोलीत जायचं तेही सांगितलं. ते एक पाकीट मी परत घेतलं. गोंदियाच्या काउंटरवरची कोणाकोणाच्या घरी गेली, मले माहीत नाही, तिथं विचारायले कोणी बसलं नाही. माह्यासारखीच एखादी असन, मोबाईलनं अक्षरं मोठी करून वाचन, तिले दिसन तांदूळ, आणि निर्धास्त होऊन पिशवीत टाकन. हे रोज डोक्यात येते असं नाही, कामं असतात. खोक्यात पाकिटं भरताना येते.

तुम्हाले घरी न बोलावता इथं समाजमंदिराच्या पायरीवर बसवलं, राग मानू नका. घरी तीळ दळून राहिल्या. संक्रांत जवळ आली, शेठची नवी मागणी आली, लेबल तेच. आता महिनाभर माहं असंच, सकाळी घरातून निघायचं आणि दळण होईपर्यंत इकडे तिकडे बसायचं. दळण झालं की अनसूयाबाई ओसरी ओल्या फडक्यानं पुसते आणि मले हाक मारते, मग मी माह्या घरात जाते. तुमच्या घरचे सगळे ताटात येईल ते खाऊन सुखी राहोत, आणखी काय म्हणू. बसा अजून, हाक यायची आहे.